नाच कोणाकडे तोंड करून?



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा इथल्या, कासा गावच्या, एका कार्यकर्त्याने मला जपून विचारले, "सर, स्मृती व्याख्यानात टीव्हीवरची मालिका? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, लोक घरी रोज तेच बघतात, एक दिवस त्यावर बोलूही द्या. शिवाय ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांचे आयुष्य शाळेत गेले. शाळा म्हटली की स्नेहसंमेलन आले, स्नेहसंमेलन म्हटले की नाच बसवणे आले, आणि नाच बसवणे म्हटले की रुसवेफुगवे आले. पुढे कोण, मागे कोण, साड्या कोणाच्या, पैसे कोणाचे! नाचगाण्याचा एक कार्यक्रम उभा राहताना जे नाट्य घडते, ते पुष्कळदा त्या कार्यक्रमापेक्षा मोठे असते. आजचा विषय तो आहे. नाचगाण्याचा खेळ कसा बसतो याची गोष्ट पडद्यावर कशी सांगितली जाते, आपल्या मराठीत ती कशी सांगितली गेली, आणि या डहाणू-तलासरीच्या मुलखातून ती कशी सांगता येईल, अशा क्रमाने मी बोलणार आहे.

सुरुवात लांबून करू. २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एनबीसी या वाहिनीवर 'स्मॅश' नावाची मालिका सुरू झाली. गोष्ट न्यूयॉर्कची. एक गीतकार आणि एक संगीतकार मेरिलिन मन्रो या नटीच्या आयुष्यावर संगीत नाटक रचायला घेतात. नाटकाचे नाव 'बॉम्बशेल'. निर्माती घटस्फोटाच्या कोर्टकचेरीत अडकलेली, दिग्दर्शक हुशार आणि तिरसट. आणि मेरिलिनच्या भूमिकेसाठी दोघी जणी. आयव्ही नावाची एक, वर्षानुवर्षे मागच्या रांगेत नाचून तयार झालेली. कॅरन नावाची दुसरी, नवखी, पण जिच्यावर नजर ठरते अशी. भूमिका एक, मुली दोन. झाले, मालिका सुरू!

या मालिकेतली एक युक्ती मला फार आवडते. गाणे तालमीच्या खोलीत सुरू होते. साधे कपडे, घामेजलेले चेहरे, पियानोवर एक माणूस. आणि गाणे चालू असतानाच, ध्रुवपद परत येईपर्यंत, त्याच मुली झगमगीत पोशाखात, रंगमंचावर, दिव्यांच्या झोतात दिसू लागतात. पुन्हा खोली. पुन्हा रंगमंच. प्रेक्षकाला एकाच वेळी कष्ट दिसतात आणि त्या कष्टांमागचे स्वप्नही दिसते. तालमीतला माणूस स्वतःला कसा पाहतो, हे इतक्या थोडक्यात दाखवणे सोपे नाही.

पण मालिका टिकली का? नाही. दोन हंगाम, ३२ भाग, आणि २०१३ च्या मे महिन्यात पडदा. पुढे २०२५ मध्ये 'स्मॅश' याच नावाने ती ब्रॉडवेच्या खऱ्या रंगमंचावर आली आणि काही आठवड्यांत उतरली. का टिकली नसावी? माझे मत सांगतो. सुरुवातीला मालिकेला नाटक कसे बसते यात रस होता. हळूहळू तिला कोण कोणाबरोबर फिरते यात रस वाटू लागला. तालमीची खोली लहान होत गेली, दिवाणखाने मोठे होत गेले. (दिवाणखाने मोठे होण्याचा हा आजार आपल्या मालिकांनाही आहे, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) यातून पहिली गोष्ट ध्यानात येते. अशा कथेचा जीव तालमीत असतो. तालीम सोडली की उरते ते चारचौघांसारखे घरगुती भांडण.

आता आपल्याकडे या. मराठी पडद्याला हा विषय नवा आहे का? मुळीच नाही. तो आपण तमाशाच्या रूपाने पिढ्यान्पिढ्या पाहत आलो. १९५९ चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. १९७२ चा व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' तर घरोघर ठाऊक आहे. पण फड कसा उभा राहतो, हे 'पिंजरा' सांगत नाही. तो सांगतो मास्तर कसा पडतो. फड तिथे मोहाचे ठिकाण म्हणून येतो. बाईने नाचायचे, पुरुषाने घसरायचे, आणि दोष बाईच्या चाळांना! नाचणाऱ्या बाईकडे पाहण्याची ही खोड आपल्या पडद्याला फार दिवस होती.

ती मोडायला जी पावले पडली त्यांत दोन मोठी. १९९२ मध्ये जब्बार पटेल यांनी 'एक होता विदूषक' केला. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, गाणी ना. धों. महानोरांची, आणि सोंगाड्याच्या भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. फडातला सोंगाड्या सिनेमात जातो, सिनेमातून राजकारणात खेचला जातो, आणि जाता जाता त्याचे हसवणे हरवते. दुसरे पाऊल २०१० च्या पहिल्याच दिवशी पडद्यावर आले. रवी जाधव यांचा 'नटरंग', आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा. हा चित्रपट खऱ्या अर्थाने कार्यक्रम कसा बसतो याची गोष्ट आहे. म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

गुणा कागलकर हा मजूर गडी. अंगाने पैलवान, मनात राजाची भूमिका. हातचे काम जाते तेव्हा तो म्हणतो, आता फड काढू. सोबतीला पांडोबा. वग लिहिला जातो, माणसे जमतात, नाचणारी मिळते. आणि ती अट घालते की फडात नाच्या पाहिजे. नाच्या कोण होणार? गावात कोणी तयार होत नाही. कोण होईल? टाळ्या वाजवणाऱ्या गावाला नाच्या बघायला हवा असतो, घरात नको असतो. शेवटी ज्याला राजा व्हायचे होते तोच नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी आधी शरीर कमावले, मग उतरवले, आणि गुणाची ती घसरण आपण डोळ्यांनी पाहिली. फड उभा राहिला, गाजला, आणि गुणाचे घर मोडले.

आता ही गोष्ट 'स्मॅश'शेजारी ठेवून पाहा. तिथे प्रश्न आहे, भूमिका कोणाला मिळणार? इथे प्रश्न आहे, भूमिका कोणाच्या गळ्यात पडणार? तिथे मागच्या रांगेतून पुढे येण्याची धडपड, इथे पुढे आलेल्याला समाज मागे ढकलतो. दोन्हीकडे तालीम आहे, घाम आहे. पण आपल्या तालमीच्या खोलीत एक अदृश्य माणूस कायम बसलेला असतो. त्याचे नाव जात, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्याचे नाव इज्जत.

आणि पैसा? तो विसरून कसे चालेल? तमाशाचा फड हा गण, गवळण, बतावणी आणि वग इतकाच नसतो. त्याच्यामागे तंबू असतो, ट्रक असतो, स्वयंपाक असतो, कलावंतांना हंगामापूर्वी दिलेली उचल असते. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पंच तिथे येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. एका राहुटीत बसून अर्धा दिवस नुसते ऐकले तरी मालिकेचे दहा भाग निघतील! कोणत्या गावाला कोणती तारीख, पाऊस आला तर पैसे कोणाचे, नाचणारी आजारी पडली तर काय. विठाबाई नारायणगावकरांची हकीकत तुम्ही ऐकली असेल. खेळ चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगतात. आपण ती हकीकत कौतुकाने सांगतो. मला दर वेळी वाटते, कौतुक पुरे, आधी विचारा की त्यांना उभे का राहावे लागले? त्या रात्रीचा खेळ थांबला असता तर कोणाचे किती बुडाले असते? नाचगाण्याच्या खेळाची खरी गोष्ट या हिशेबात आहे. दुसरी गोष्ट ती हीच. हिशेब दाखवल्याशिवाय अशी कथा पुरी होत नाही.

मग टीव्हीने काय केले? मराठी दूरचित्रवाणीवर हा विषय सर्वांत जोमाने आला तो स्पर्धेच्या रूपात. झी मराठीवर 'सा रे ग म प' आले, 'एकापेक्षा एक' आले. २००८-०९ मध्ये 'लिटिल चॅम्प्स' चालू असताना सोमवार-मंगळवारी रस्ते ओस पडत होते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आता बारकाईने पाहा. गाण्याआधी एक छोटी चित्रफीत. मुलगा कुठल्या गावचा, वडील काय करतात, आई डोळे पुसते. मग तालीम. गुरू रागावतात. मग मंच. मग परीक्षक. मग निकाल, आणि निकालाआधी जाहिरात! म्हणजे 'स्मॅश'चा सगळा साचा आला, फक्त लेखकाच्या जागी परीक्षक बसला. या स्पर्धांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना मंच दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यांनी आपल्या डोळ्यांना एक सवयही लावली. नाच म्हणजे समोर पाहून करायची गोष्ट. नाच म्हणजे थोड्या मिनिटांत संपणारी गोष्ट. नाच म्हणजे ज्याला गुण मिळतात ती गोष्ट.

आणि इथे, मित्रहो, मी कासा गावात येऊन पोचतो.

तारपा तुम्हाला मी काय सांगू? तो तुमचा. पण आज शहरातलेही काही पाहुणे बसले आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. गाल फुगलेलेच राहतात, सूर अखंड चालतो. भात पिकू लागते, तेव्हापासून तारपा वाजू लागतो. मध्ये तारपकरी, त्याच्याभोवती हात गुंफून बायापुरुषांची साखळी, पुढे काठी घेतलेला म्होरक्या. सूर बदलला की पाऊल बदलते. साखळी आत वळते, बाहेर उलगडते. आणि तारप्याकडे पाठ होत नाही.

आता मला सांगा, या नाचाचा प्रेक्षक कोण? पुढची बाजू कोणती? नायिका कोण? पहिल्या रांगेत कोण? उत्तर नाही, कारण प्रश्नच तिथे लागू होत नाही. सगळ्यांची तोंडे सुराकडे. दमला तो बाहेर, आला तो आत. बघणारा आणि नाचणारा यांच्यात फरक एवढाच की एकाने अजून हात धरलेला नाही.

जव्हार-मोखाड्याचा बोहाडा घ्या. देवादिकांचे, राक्षसांचे मोठमोठे मुखवटे, संबळ आणि सनईवर रात्रभर नाचणारी सोंगे. तिथे 'भूमिका कोणाला' हा प्रश्न आहे का? अनेक गावांत सोंगांचे मान घराण्यांकडे ठरलेले आहेत. या घराचा हा मुखवटा, त्या घराचा तो. आजोबांनी नाचवला, वडिलांनी नाचवला, आता नातू नाचवणार. न्यूयॉर्कच्या त्या दोन मुलींना हे सांगितले तर त्यांचा विश्वास बसेल का? (आणि खरे सांगायचे तर नातवाला ते सोंग नको असेल, त्याला वापीच्या कारखान्यात पाळी असेल, तर काय, हाही एक उत्तम भाग होईल.)

म्हणजे इथे नाट्य नाही का? भरपूर आहे! ते वेगळ्या ठिकाणी आहे. ते त्या क्षणी सुरू होते, जेव्हा कोणीतरी येऊन सांगते, "मंत्री येणार आहेत, तारपा नाच बसवा." किंवा "स्पर्धा आहे, पाच मिनिटांचा करा." किंवा "रिसॉर्टवर पाहुणे आहेत, आठ जण पाठवा." आता काय होते? गोल मोडतो. पाहुण्यांकडे पाठ होऊ नये म्हणून गोलाचा अर्धगोल होतो, अर्धगोलाची ओळ होते. उंच मुले मागे, चुणचुणीत मुली पुढे. तारपकरी मध्यातून कडेला जातो. पुढे त्याच्या जागी ध्वनिमुद्रण लागते आणि तो घरी राहतो. साखळी मात्र समोर बघून हसत नाचते. कोणाकडे बघून? ज्याने बोलावले त्याच्याकडे.

हे चूक आहे, असे मी सरसकट म्हणणार नाही. कला एका जागची दुसऱ्या जागी जाते तेव्हा काहीतरी बदलणारच. तुमच्या शेजारच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचे काम बायांचे होते. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नाने ती चित्रे कागदावर उतरू लागली, जिव्या म्हशे यांनी त्या कागदाचे जग केले, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंत सुटली, पण चित्र मेले नाही. का? कारण बदल करणारा हात त्या मातीतला होता. कागदावर काय आणायचे, हे त्याने ठरवले. आणि पाहा, त्या कागदांवरही तारप्याचा गोल शाबूत राहिला. चित्रकाराने तो मोडला नाही. मोडला तो कार्यक्रम बसवणाऱ्यांनी.

२०२६ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत दोन नावे एकत्र आली. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा, आणि संगमनेरचे तमाशा कलावंत रघुवीर खेडकर. एकाच वर्षी तारपा आणि तमाशा! मला त्यात फार आनंद वाटला. पण नव्वदी ओलांडलेल्या तारपकऱ्याचा सन्मान करणारा देश आणि त्याला मंचाच्या कडेला उभा करणारा कार्यक्रम, हे दोन्ही एकाच काळात आहेत. या दोहोंमधल्या जागेत तुमची मालिका आहे.

होय, तुमची. आता मी मुद्द्यावर येतो. या भागातून कोणीतरी ती मालिका लिहावी. मोबाईलवर चित्रित करा, नाटक करा, रेडिओवर वाचा, रूप कोणतेही असो. गोष्ट साधी. एका पाड्याला निरोप येतो की राजधानीत कार्यक्रम आहे, नाच बसवा. बसवणारा शहरातून येतो. तो वाईट माणूस नाही, त्याला वाईट करू नका, नाही तर गोष्ट सोपी होईल. त्याला खरोखर नाच आवडतो. पण त्याला समोरची बाजू हवी आहे, आणि म्हाताऱ्या तारपकऱ्याला समोरची बाजू ठाऊक नाही. मुलींना दिल्ली बघायची आहे. एका पोराला नाचाचे पैसे किती, हे विचारायचे आहे, आणि ते विचारले की सगळे त्याच्याकडे बघतात. भाताची कापणी राहिली आहे. या तालमीत काय काय होईल? सूर बदलला की पाऊल बदलते, हे तीन मिनिटांच्या ध्वनिफितीत कसे बसवायचे? अखंड श्वास कुठे कापायचा? या प्रश्नांवर मालिकेचा एक आख्खा हंगाम उभा राहील. आणि जगात ती दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

यात एक इतिहासाचा धागा आहे, तो सोडू नका. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही, असे ठरवून उठले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो काळ जिवंत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचावे. ज्या लोकांनी फुकट राबायला नकार दिला, त्यांच्या नातवंडांनी फुकट नाचावे का? 'प्रसिद्धी मिळेल' एवढ्यावर? मानधन ठरवणे, येण्याजाण्याची सोय मागणे, तारपकऱ्याचे नाव पत्रिकेवर छापायला लावणे, यात कसला कमीपणा? नारायणगावच्या राहुटीत बसून तमासगीर सुपारी ठरवतो, तेव्हा त्याची कला बाटत नाही. उलट ती उद्या जिवंत राहते.

थोडक्यात आवरतो. पहिले, कार्यक्रम बसण्याच्या कथेचा जीव तालमीत आहे. 'स्मॅश'ने ते दाखवले आणि नंतर सोडले. दुसरे, या कथेत घाम आणि स्वप्न यांच्याबरोबर जात, इज्जत आणि पैसा यांचा हिशेब हवा. 'नटरंग'ने तो मांडला. तिसरे, टीव्हीच्या स्पर्धेने आपल्याला नाच समोरून बघायला शिकवले, पण या मुलखाचा नाच गोल आहे, आणि गोल मोडून ओळ करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार नाचणाऱ्यांचा आहे. पाहुण्यांचा नाही, परीक्षकांचा नाही, कॅमेऱ्याचाही नाही.

शिक्षक मंडळींना एकच विनंती करून थांबतो. येत्या स्नेहसंमेलनात तारपा नाच ठेवाल, तेव्हा तो मंचावर चढवू नका. मैदानात होऊ द्या. तारपकऱ्याला बोलवा, त्याला मध्ये उभा करा, मानधनाचे पाकीट आधी द्या, आणि पाहुण्यांच्या खुर्च्या भोवती गोल मांडा. कोणाची पाठ कोणाकडे झाली म्हणून कोणी रागावले, तर माझे नाव सांगा.